अंबुजाअक्कांची साक्ष

आम्ही नुंगंबाक्कमला एका तमिळ चर्चच्या मागच्या दोन खोल्यांत राहत होतो. खोल्या आमच्या नव्हत्या आणि चर्चही आमचं नव्हतं. रविवारी सकाळी तमिळ मंडळींच्या दोन उपासना होत, मग सगळे जेवायला घरी जात, आणि दुपारी तीन वाजता चर्चच्या बाजूच्या हॉलमध्ये आमची मराठी उपासना भरे. माझे वडील, म्हणजे पपा, तिथले पाळक होते. तेव्हा चेन्नईला मद्रासच म्हणत. नगरकडच्या एका मिशननं पपांना मद्रासला धाडलं होतं ते एका मोठ्या आशेनं. तंजावरकडून आलेली जुनी मराठी कुटुंबं मैलापूर भागात पुष्कळ होती. पिढ्यान्‌पिढ्या इकडे राहिलेली, घरात मराठी आणि बाहेर तमिळ बोलणारी, आपले सणवार आणि देवपूजा सांभाळून असलेली हिंदू माणसं. आपल्या भाषेतली प्रार्थना कानावर पडली की ती येतील, असं मिशनच्या वडीलधाऱ्यांना तिकडे बसून वाटत होतं. चार वर्षांत एकही जण आला नव्हता. यायचे ते रेल्वेतले आणि लष्करातले, बदली होऊन आलेले आपलेच ख्रिस्ती लोक, आणि पुन्हा बदली झाली की तेही जायचे.

आई या शहरावर रुसलेली होती. तिला भाकरीशिवाय जेवण जात नसे. बाजरीला इकडे कंबू म्हणतात हे समजायलाच तिला सहा महिने लागले होते, आणि समजल्यावर ती गिरणीवाल्याशी खुणांनी भांडून हवं तसं बारीक पीठ दळून आणी. रविवारी मटणाचा रस्सा ठरलेला. सकाळची दुसरी उपासना चालू असताना आमच्या घरातून मसाल्याचा वास चर्चच्या खिडक्यांतून आत जाई आणि एक वयस्कर तमिळ बाई दर वेळी मागे वळून पाहत. शनिवारी दुपारी त्यांच्या गायकवर्गाचा सराव चाले. एकच ओळ वीस वीस वेळा. ती मला इतकी पाठ होती की भांडी घासताना मी त्यांचा खालचा सूर गुणगुणत असे. मी एकोणीस वर्षांची होते. कॉलेजात दुसऱ्या वर्षाला होते, इंग्रजीत हुशार होते, आणि हे मला फार चांगलं माहीत होतं.

अंबुजाअक्का पहिल्यांदा आल्या त्या दिवशी आम्ही दुसरं गीत म्हणत होतो. पन्नाशीच्या पुढची बाई, नऊवारी नेसलेली, कपाळ मोकळं. त्यांनी चपला बाहेर काढल्या. आम्ही सगळे चपला घालूनच बसलो होतो, त्यामुळे ते माझ्या लक्षात राहिलं. त्या शेवटच्या बाकावर, दाराजवळ बसल्या आणि पपांचं प्रवचन संपेपर्यंत हलल्या नाहीत. उपासना झाल्यावर आई त्यांच्याशी बोलायला गेली.

"तुमची मराठी ऐकायला आलें," त्या म्हणाल्या. "इथून बसनं जाताना गाणं कानावर आलं. आमच्या घरात असकं बंद पडलंय."

असकं म्हणजे सगळं. हा शब्द मला तेव्हा कळला. त्यांचे यजमान वर्षापूर्वी गेले होते. मुलगा राघवन बँकेत होता, सून तमिळ, आणि घरात सगळा व्यवहार तमिळमध्ये. मराठी बोलायला एक नवराच होता. आता कोणी नव्हतं.

मग त्या दर रविवारी येऊ लागल्या. पपा प्रार्थनेला डोळे मिटायला सांगत तेव्हा त्या डोळे उघडे ठेवून आमच्याकडे पाहत बसत. प्रभुभोजनाच्या, म्हणजे भाकर आणि द्राक्षारस वाटायच्या, वेळी त्या जागेवरून उठत नसत आणि पपांनीही कधी सुचवलं नाही. आमच्या घरी त्या काही खात नसत, पण येताना डब्यात डांगर पच्चडी आणत. उडदाचं भाजलेलं पीठ दह्यात कालवून वर फोडणी दिलेली. मिशनची लाडकी आशा अखेर आमच्या बाकावर येऊन बसली होती, आणि आई तिच्याकडून पच्चडीची रीत लिहून घेत होती. पपा खुश होते, पण ते निराळ्या कारणानं. "बाई ऐकतात छान," ते म्हणत. "माझं प्रवचन इतकं मन लावून तू सुद्धा ऐकत नाहीस."

त्यांना मैलापूरच्या बसपर्यंत सोडायचं काम माझ्याकडे होतं. स्टॉपवर बस येईपर्यंत आम्ही बोलत असू. त्या मला कण्णा म्हणत, म्हणजे बाळ. एकदा त्या म्हणाल्या, "तुझे अप्पा म्हणाले ना आज, मनातलं सांगितलं की ओझं उतरतं म्हणून?"

"हो, अक्का."

"तर मग ऐक. कोणाला सांगू नको मात्र."

त्यांनी सांगितलं ते असं. यजमान अकरा वर्षं बिछान्यावर होते. अर्धं अंग गेलेलं. त्यांचं सगळं अक्काच करत. "त्या दिवशी सकाळी कॉफी गाळून ठेवली आणि त्यांचं तोंड पुसायला गेलें. श्वास नव्हता. मी स्वयंपाकघरात परत आलें. खाली बसलें. टंबलरभर कॉफी प्यालें, गरम. अकरा वर्षांत बसून गरम कॉफी प्यालें नव्हतें. पुरी प्यालें. मग मुलाला हाक मारली."

बस आली. पायरीवर चढताना त्या वळून म्हणाल्या, "बरं वाटलं, कण्णा. आपल्या भाषेत सांगितलं ना."

त्या क्षणी मला काय वाटलं ते खरं लिहायचं तर मला दया आली नाही. माझ्या मनात पहिला विचार आला तो असा, की ही तर साक्ष आहे, देवानं आपल्याला कसं सावरलं ते मंडळीसमोर उभं राहून सांगतात तशी. चर्चमध्ये वाढलेल्या मुलांना हा कान लहानपणीच तयार होतो. कोणी रडलं की आम्हाला त्यात सुरुवात, मध्य आणि शेवट ऐकू येतो. कोणी शिकवत नाही, पण आम्ही कितीतरी साक्षी ऐकलेल्या असतात आणि कुठल्या वाक्याला माणसं पुढे सरसावून बसतात ते आम्हाला ठाऊक असतं.

त्याच महिन्यात मिशनचं पत्र आलं. दोन परदेशी पाहुणे आणि नगरचे चिटणीस मद्रासचं काम पाहायला येणार होते, आणि ते पाहून काम पुढे चालवायचं की आवरतं घ्यायचं हे ठरणार होतं. आईनं पत्र दोनदा वाचून घेतलं आणि तिचा चेहरा उजळला. मला मात्र नगरकडचं आमचं गाव दिसू लागलं. तिथे कॉलेज नव्हतं, आणि परत गेलो असतो तर माझं शिक्षण तिथंच संपलं असतं. मी पपांना विचारलं, "तुम्ही पाहुण्यांना काय सांगणार?"

"जे आहे ते सांगू," पपा म्हणाले.

"जे आहे ते फार थोडं आहे, पपा."

"मग थोडं सांगू."

शनिवारी दुपारी, पलीकडे गायकवर्गाचा सराव चालू असताना, मी ओसरीत बसून इंग्रजीत तीन पानं लिहिली. मी विचार करून लिहिली. अक्कांना इंग्रजी येत नव्हतं, आमच्या मंडळीतल्या निम्म्या लोकांना येत नव्हतं. पाहुण्यांपुरतं बोलायचं. त्यांचं नाव घ्यायचं नाही. अक्कांना कळणार नाही, कोणाचं काही बिघडणार नाही, आणि आम्ही मद्रासला राहू. हे मी स्वतःला इतक्या वेळा समजावलं की शेवटी मला ते पुण्यकर्मच वाटायला लागलं.

रविवारी हॉल भरला होता. परदेशी पाहुणे म्हणून तमिळ मंडळीही थांबली होती. पपांनी पाच मिनिटांत आपला वृत्तांत संपवला. "तंजावरकडच्या कुटुंबांतून अजून कोणी विश्वासात आलेलं नाही. एक भगिनी ऐकायला येतात. मी वाट पाहतो आहे," एवढंच म्हणून ते खाली बसले. पाहुण्यांपैकी एकजण मांडीवर वही उघडून बसले होते. त्यांनी काहीच लिहिलं नाही. मग चिटणिसांनी विचारलं, तरुणांपैकी कोणाला दोन शब्द बोलायचे आहेत का. मी उठले.

पहिलं वाक्य मी इंग्रजीत बोलले. मैलापूरची एक विधवा, जुन्या मराठी घराण्यातली, आज आपल्यात बसली आहे. मी श्वास घेतला तेवढ्यात तमिळ चर्चचे चिटणीस उभे राहिले. ते निवृत्त शिक्षक होते, त्यांचा आवाज भरदार होता, आणि निम्मा हॉल तमिळ असल्यामुळे त्यांनी आपणहून माझं वाक्य तमिळमध्ये सांगितलं. सांगून झाल्यावर माझ्याकडे पाहून मान हलवली, पुढे बोल.

मी तिथं थांबू शकले असते. घसा बसल्याचं निमित्त करू शकले असते, देवाचे आभार मानून खाली बसू शकले असते. आयुष्यात पुढे मी पुष्कळ चुका केल्या, पण त्या करताना बहुतेक वेळा मला कळलं नव्हतं. इथं मला कळलं होतं. शेवटच्या बाकावर अक्का होत्या आणि आता प्रत्येक शब्द त्यांच्यापर्यंत जाणार होता. पण वहीवाल्या पाहुण्यांचं पेन चालू झालं होतं. मी दुसरं वाक्य बोलले.

मी अकरा वर्षं सांगितली. बिछाना सांगितला. कॉफी सांगितली. प्रत्येक वाक्यानंतर तो भरदार आवाज ते तमिळमध्ये सांगे, आणि कॉफीचं वाक्य त्यांनी दोनदा सांगितलं. लोक मागे वळून पाहू लागले. नऊवारी नेसलेली तिथं एकच बाई होती. अक्का आधी माझ्याकडे पाहत होत्या, मग त्यांनी मान खाली घातली आणि आपल्या हातांकडे पाहत राहिल्या. शेवटची दोन वाक्यं मी मनानं जोडलेली होती. की या हॉलमध्ये तिला तिच्या पापाची क्षमा मिळाली, आणि आता ती बाप्तिस्म्याची वाट पाहत आहे. त्यांनी यातलं काहीही कधी म्हटलं नव्हतं. कॉफी पिणं हे पाप आहे असंही त्यांनी म्हटलं नव्हतं. ते मी ठरवलं.

अक्का मध्येच उठून गेल्या नाहीत. उपासना संपेपर्यंत बसल्या. नंतर दोनतीन बायका त्यांच्याभोवती जमल्या, एकीनं त्यांना मिठी मारली. त्यांनी हळूच आपला हात सोडवून घेतला, बाहेर जाऊन चपला घातल्या आणि एकट्याच बस स्टॉपकडे गेल्या. मला पाहुण्यांनी घेरलं होतं. माझी इंग्रजी फार छान आहे असं ते म्हणत होते.

चौथ्या दिवशी संध्याकाळी राघवन आले. तमिळ मंडळीतल्या कोणीतरी, त्यांच्याच गल्लीत राहणाऱ्या, घरी जाऊन अभिनंदन केलं होतं. तिशीचा, चष्मा लावलेला, शर्टाच्या खिशाला पेन असलेला माणूस. आईनं पाणी दिलं ते त्यांनी घेतलं. तुटक मराठीत ते पपांना म्हणाले, "सार, मी भांडायला आलो नाही. अम्मा कुठं जाते ते तिचं बघेल. धर्म बदलणार असेल तर तेही मी तिला विचारीन. मला एकच पाहिजे. त्या दिवशी आप्पा गेल्यावर अम्मानं आधी कॉफी प्याली, हे खरं का?"

"तुम्ही त्यांनाच विचारलं नाही?" पपा म्हणाले.

"विचारलो. ती काही बोलत नाही."

पपांनी माझ्याकडे पाहिलं. मी दारात उभी होते. मला एवढंच म्हणायचं होतं, की खोटं आहे, मी रचलं. शेवटची दोन वाक्यं रचलीच होती, त्यात आणखी एक. माझी फजिती झाली असती, पाहुण्यांना पत्र लिहावं लागलं असतं, पण अक्का सुटल्या असत्या. मी तोंड उघडलं नाही. आणि मग पपा म्हणाले, अगदी शांतपणे, "माझी मुलगी खोटं बोलत नाही."

राघवननी पेला खाली ठेवला. "सेरी सार," म्हणजे बरं सर, एवढंच म्हणाले आणि गेले. अक्का त्यानंतर कधी आल्या नाहीत.

मी पपांना खरं सांगितलं ते तीन आठवड्यांनी. बाप्तिस्म्याचं सगळं माझ्या मनचं होतं, आणि बाकीचं अक्कांनी कोणाला सांगू नको म्हणून सांगितलं होतं. पपांनी समोरचं बायबल मिटलं. मग म्हणाले, "रविवारी मी उभं राहून सांगतो सगळ्यांना." रविवारी ते उभे राहिले. त्यांनी आजाऱ्यांची नावं वाचली, सभेची वेळ सांगितली, काम पुढे चालू राहणार असल्याचं मिशनचं पत्र आल्याचंही सांगितलं, आणि कागदाची घडी घालून प्रवचनाला सुरुवात केली. या गोष्टीवर आम्ही दोघं पुन्हा कधी बोललो नाही. माझं कॉलेज पुरं झालं, मद्रासलाच नोकरी लागली, लग्न झालं, आणि मिशनच्या कार्याच्या पुस्तिकेत दर वर्षी मैलापूरच्या विधवेची गोष्ट येत राहिली. माझं शिक्षण त्या साक्षीवर झालं, असं मी मुलांना कधी सांगू शकले नाही. ती समजतात आजोबांच्या श्रद्धेवर झालं.

पपा गेल्यावर मी मैलापूरला गेले. ते असेपर्यंत माझी हिंमत झाली नव्हती. दार राघवननी उघडलं, मला ओळखलं, आणि आत बोट दाखवलं. अक्का सत्तरीच्या झाल्या होत्या, खुर्चीत बसून तांदूळ निवडत होत्या.

"जाड झालीस," त्या म्हणाल्या.

मी जे ठरवून गेले होते ते बोलले. त्या निवडत राहिल्या. मग म्हणाल्या, "राघव चार वर्षं माझ्याशी बोलला नाही. ताट वाढलेलं असायचं, बोलणं नसायचं. तमिळही नाही."

"मग?"

"मग त्याला मुलगी झाली. घरात बाळ आल्यावर किती गप्प बसणार?"

"अक्का, मला क्षमा करा."

"केलें, कण्णा. पण मला कशाला सांगतेस? मला माहीत आहे. असक्यांसमोर बोललीस ना, असक्यांसमोर परत घे."

मी हो म्हणाले. आणि परत घेतलं नाही. हॉलमध्ये पपांचा फोटो लागला होता. जुनी मंडळी एकेक करून जात होती, आणि सांगायचं कोणाला, असं मी स्वतःला विचारत होते. अक्का वारल्याचं मला वर्षभरानं कळलं.

आता मी पेरुंगुडीला मुलाकडे राहते आणि तिथल्याच एका सोसायटीच्या हॉलमध्ये भरणाऱ्या मराठी उपासनेला जाते. पुण्याची, नाशिकची, सोलापूरची तरुण मुलं, कोणी कॉम्प्युटरमध्ये, कोणी मोटारीच्या कारखान्यात. गिटार असते, पडद्यावर गीतं असतात. पास्टर तिशीचा आहे, मनानं चांगला, मला काकू म्हणतो. दर आठवड्याला एकाची साक्ष तो फोनवर चित्रित करतो आणि सगळीकडे पाठवतो. गेल्या वर्षी मृणाल नावाच्या मुलीची केली. ती साताऱ्याकडच्या हिंदू घरातली, मैत्रिणीबरोबर सहा महिन्यांपासून येत होती. नोकरीतल्या ताणानं आणि घरच्या भांडणांनी आपण बाथरूममध्ये बसून कसं रडायचो ते ती व्हिडिओत सांगत होती. त्यापुढच्या रविवारी ती शेवटच्या रांगेत मान खाली घालून बसली होती. मी पास्टरकडे दहा मिनिटं मागितली आणि उभी राहिले.

मी सगळं सांगितलं, पपांच्या "माझी मुलगी खोटं बोलत नाही" इथपर्यंत. संपल्यावर मी माइक खाली ठेवला. मग कोणीतरी टाळी वाजवली, आणि मग सगळ्यांनीच. पास्टरचे डोळे ओले झाले होते. "काकू, किती सामर्थ्याची साक्ष," तो म्हणाला. "पुढच्या आठवड्यात एकदा कॅमेऱ्यासमोर सांगाल?"

मी नाही म्हणाले आणि बाहेर आले. लिफ्टपाशी मृणाल मागून आली. "काकू, माझा व्हिडिओ काढून टाकायला सांगाल का? मी त्यांना हो म्हणाले होते, पण घरचं सगळं त्यात येईल असं वाटलं नव्हतं."

आम्ही दोघी परत आत गेलो. पास्टर चांगला मुलगा आहे, त्यानं वाद घातला नाही. माझ्यासमोर त्यानं तो पुसला, ग्रुपवरून काढला, आणि फोन आम्हाला दाखवला. मृणाल म्हणाली, "आणि पुढे ज्यांना ज्यांना गेला असेल? माझ्या आईनं पाहिला असेल तर मला कसं कळणार?"

त्यानं फोन खिशात घातला. तिच्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे होतं. ताट वाढलेलं असतं, बोलणं नसतं. मी ते तिला सांगितलं नाही. तिच्याबरोबर खाली उतरले आणि तिची ऑटो येईपर्यंत फाटकाशी उभी राहिले.